सौम्यता आणि सत्ता : चांदा-बल्लारपूरच्या निमित्तानें महाराष्ट्रांतील कांहीं ख्रिस्ती चरित्रांचा विचार

१

वर्धा नदीच्या डाव्या तीरावरील बल्लारपूरचा किल्ला हा चांद्याच्या गोंड राजघराण्याच्या पूर्ववैभवाचा साक्षी होय. ही राजधानी तेथून हालून चांद्यास कशी गेली, याविषयींची दंतकथा या भागांत सर्वश्रुत आहे. राजा खांडक्या बल्लाळशहा याचें सर्वांग गांठींनीं व व्रणांनीं विद्रूप झालें होतें. परंतु राणीनें त्याची शुश्रूषा सोडली नाहीं. एकदां तो शिकारीस गेला असतां तहानेनें व्याकुळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत उतरला, आणि तेथील एका खळग्यांतल्या पाण्यानें त्यानें तोंड व हातपाय धुतले. परत आल्यावर त्याच्या अंगावरील व्रण मावळत आहेत हें प्रथम राणीच्याच ध्यानीं आलें. तिच्या आग्रहानें त्या जलाचा शोध झाला, तेथें अचलेश्वराचें देवालय उभें राहिलें व पुढें तिच्याच सल्ल्यानें चांदा नगर वसलें, अशी ही कथा आहे.

दंतकथा म्हणजे इतिहास नव्हे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. तथापि एका राजधानीच्या उत्पत्तीची हकीकत सांगतांना लोकांनीं रणांगणाऐवजीं रुग्णशय्या निवडावी, व जिच्या हातीं राजदंड नव्हता त्या स्त्रीच्या कोमल दृष्टीस नगरस्थापनेचें श्रेय द्यावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सौम्यता हा गुण या मुलुखास परका नव्हता, एवढें तरी तींतून निष्पन्न होतें.

गोंडांची सत्ता १७५१ सालीं भोसल्यांकडे गेली, व १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांच्या थेट अमलाखालीं आलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचें मिशन चांद्यास स्थापन झालें. त्यानंतर बल्लारपूरचें रूप पार पालटलें. तेथें कोळशाची खाण निघाली. १९२९ मध्यें काझीपेठचा लोहमार्ग पूर्ण होऊन दिल्ली-मद्रास रस्त्यावरील हें एक मोठें ठाणें झालें. आणि १९४५ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें तेथें कागदाची गिरणी उभारली. मराठी, तेलुगु, हिंदी व गोंडी बोलणारे लोक एका वस्तींत आले. अशा ठिकाणीं निरनिराळ्या जातींचीं व धर्मांचीं माणसें रोज एकमेकांच्या शेजारास असतात. आणि ख्रिस्ती धर्मानें ज्यास धन्यतेचा मार्ग म्हटलें तो सौम्यतेचा गुण ग्रंथांतून उतरून उंबरठ्यावर कसा वागतो, हा प्रश्न तेथें निव्वळ पांडित्याचा राहत नाहीं.

प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा ऐतिहासिक बाजूनें विचार करावयाचा आहे. चांद्याच्या मिशनशीं निगडित असलेल्या दोन नांवांपासून निघून, त्यांच्या संबंधांनीं जोडलेल्या कांहीं मराठी ख्रिस्ती व्यक्तींच्या चरित्रांत सौम्यता कोणी कोणाशीं दाखविली व कोणी कोणाकडे मागितली, हें आपण पाहूं. आमच्या मतें या गुणाची खरी पारख तेथेंच होते.

२

प्रथम शब्दाचा विचार करूं. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनांत जे सौम्य त्यांस पृथ्वीचें वतन मिळेल असें अभिवचन आहे. तें मूळचें त्या प्रवचनांतलें नव्हे. इब्री स्तोत्रसंहितेंतील सदतिसाव्या स्तोत्रांत तोच विचार आलेला आहे. तेथील इब्री शब्दाचा मूळ रोख दबलेला, पीडिलेला, दीन या अर्थाकडे आहे. म्हणजे ज्यांची जमीन बलवानांनीं बळकावली होती, त्यांस उद्देशून तें वचन होतें. तोच शब्द मोशे याजविषयीं योजिलेला आढळतो. आणि मोशे हा तर एका सम्राटासमोर उभा राहून आपल्या लोकांची सुटका मागणारा पुढारी. तेव्हां भित्रेपणा असा अर्थ त्या शब्दास चिकटूं शकत नाहीं.

ग्रीक भाषेंत या स्थळीं जो शब्द आहे त्याचा इतिहास निराळा आहे. अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागांत या गुणाचें विवेचन केलें आहे. क्रोधाचा अतिरेक आणि क्रोधाचा पूर्ण अभाव या दोहोंच्या मध्यें तो त्यास बसवितो. योग्य कारणासाठीं, योग्य माणसावर, योग्य वेळीं व योग्य काळपर्यंतच जो रागावतो तो सौम्य, असें त्याचें मत. जेथें रागवावयास हवें तेथेंहि न रागावणाऱ्यास तो मूर्खांत जमा करतो.

मराठींत आलेला ‘सौम्य’ हा शब्द सोमापासून, म्हणजे चंद्रापासून, निघालेला आहे. त्यांत शीतलतेची छटा आहे. संतांच्या वाङ्मयानें लीनता, क्षमा व नम्रता या गुणांस मराठी मनांत अगोदरच उच्च स्थान दिलें होतें. त्यामुळें ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसास हा गुण नवा म्हणून शिकावा लागला असें म्हणतां येत नाहीं. नवी होती ती परिस्थिति. एकीकडे ज्या आप्तांचा हात सुटला ते, आणि दुसरीकडे ज्यांच्या हातीं राज्य, पैसा व चर्चचा अधिकार होता ते गोरे धर्मबंधु, या दोहोंच्या मध्यें त्यास सौम्य राहावयाचें होतें. पहिल्या पक्षापुढें ती सौम्यता प्रीति ठरली असती. दुसऱ्या पक्षापुढें ती दास्य ठरण्याचा संभव होता.

३

चांद्याच्या मिशनच्या प्रारंभकाळाशीं ज्यांचें नांव निगडित आहे ते फादर नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वाश्रमींचे नीलकंठशास्त्री गोरे, यांचें चरित्र या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. १८२५ सालीं बुंदेलखंडांतील एका चित्तपावन कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. त्यांचे पूर्वज बांद्याच्या नबाबाच्या पदरीं मोठ्या हुद्द्यावर होते. शास्त्रीबोवांचें अध्ययन काशींत झालें.

त्या काळच्या काशींतील धर्मवादाची पार्श्वभूमि थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कंपनी सरकारच्या नोकरींतील जॉन म्यूर या संस्कृतज्ञ अधिकाऱ्यानें १८३९ मध्यें ‘मतपरीक्षा’ नांवाचा ग्रंथ संस्कृतांत, गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें प्रसिद्ध केला. पंडितांशीं त्यांच्याच आदरणीय भाषेंत बोलावें, हा त्याचा हेतु. त्यास तीन पंडितांनीं संस्कृतांतच उत्तरें दिलीं. पहिलें उत्तर ‘सोमनाथ’ या नांवाखालीं आलें; तें सिहोर येथील सुबाजी बापू या मराठी पंडितांचें, हें आतां निश्चित झालें आहे. दुसरें बंगाल्यांतील हरचंद्र तर्कपंचानन यांचें, व तिसरें ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हें विशीच्या आसपास असलेल्या नीलकंठ गोऱ्यांचें.

या तिन्ही उत्तरांचा सूर एक नाहीं. हरचंद्रांची लेखणी तिखट आहे. सुबाजी बापूंचा सूर मात्र बहुतांशीं सामोपचाराचा असून, ज्याचा धर्म त्यास तारक, परक्याच्या मार्गाची निंदा कशास, अशी त्यांची भूमिका आहे. वादांत सौम्यता राखण्याचा मान त्या प्रसंगीं एका हिंदु पंडिताकडे जातो, हें इतिहासानें निःसंकोच नोंदविलें पाहिजे. हा गुण एका धर्माच्या मालकीचा नाहीं याचा याहून सरळ पुरावा कोणता?

नीलकंठ गोरे काशींतील चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम स्मिथ यांजकडे गेले ते त्यांस निरुत्तर करण्यासाठीं. वाद पुष्कळ दिवस चालला. प्रतिपक्ष्यानें चिडून उत्तर दिलें असतें, तर तरुण शास्त्र्यांचा मार्ग सोपा झाला असता. परंतु स्मिथ शांतपणें ऐकत राहिले व वाचावयास ग्रंथ देत राहिले. शेवटीं १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें गोऱ्यांनीं बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाचें दुःख त्यांच्या कुटुंबास किती झालें असेल याची कल्पना त्या काळच्या समाजस्थितीवरून सहज करतां येईल. पत्नी लक्ष्मीबाई पुढें त्यांना येऊन मिळाल्या. परंतु १८५३ सालीं कन्या झाल्यावर थोड्याच काळांत त्या वारल्या. ती कन्या, एलन लक्ष्मी गोरे, इंग्रज कुटुंबांत व पुढें इंग्लंडांत वाढली, आणि १८८० मध्यें मिशनकार्यासाठीं हिंदुस्थानांत परत आली. इंग्रजी स्तोत्रकर्त्री म्हणून तिचें नांव राहिलें. ज्या पित्याची मृदुता परक्यांस भुलवीत होती, त्याचें मूल मात्र परक्यांच्या घरीं वाढलें. या चरित्रांतील ही सल दृष्टीआड करून चालणार नाहीं.

गोरे हे महाराजा दलीपसिंग यांजबरोबर पंडित म्हणून इंग्लंडास गेले होते. त्या देशांत त्यांची भेट झालेल्या मॅक्स म्यूलरनें आपल्या आठवणींत त्यांच्या विषादाचें वर्णन केलें आहे. ज्या धर्मासाठीं आपण घरदार सोडलें, तो धर्म त्याच्या माहेरीं लोकांच्या आचरणांत दिसत नाहीं, हें पाहून हा सरळ मनाचा मनुष्य खचून गेला होता. तरीहि त्यांनीं धर्म सोडला नाहीं, आणि यजमानांचें आंधळें अनुकरणहि केलें नाहीं. १८६० मध्यें त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ निघाला. पुढें ते पुरोहित झाले व कौली येथील ख्रिस्ती संन्याशांच्या मंडळांत उमेदवार म्हणून शिरले. मनाची सतत शंका व टोंचणी यांमुळें अखेरपर्यंत ते उमेदवारच राहिले. २९ ऑक्टोबर १८९५ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

गोऱ्यांच्या सौम्यतेचें विशेष हें कीं, ती त्यांच्या तर्काची धार बोथट करीत नसे. ‘षड्दर्शनदर्पण’ हा खंडनग्रंथच आहे. प्रतिपक्षाचें मत त्यांत मुळींच सोडलेलें नाहीं. परंतु बोलण्यांत माणसाचा उपमर्द करावयाचा नाहीं, हा त्यांचा नेम. त्यांच्या याच वाणीचा परिणाम पुढें एका अशा व्यक्तीवर झाला, जिनें सौम्यतेच्या नांवाखालीं मागितलेली शरणागति साफ नाकारली. ती व्यक्ति म्हणजे पंडिता रमाबाई.

४

रमाबाई १८८३ मध्यें इंग्लंडास गेल्या, व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत राहूं लागल्या. त्या वेळीं त्यांचें मन ब्राह्म मताकडे होतें. तेथून गोऱ्यांशीं झालेल्या पत्रव्यवहारानें व त्यांच्या लिखाणानें त्या ख्रिस्ती मताकडे वळल्या. त्यांच्या नम्र व मधुर वाणीनें आपलें हृदय भेदलें, इतर कोणासहि हें साधलें नसतें, अशा आशयाची कबुली स्वतः रमाबाईंनीं दिली आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं कन्या मनोरमा हिच्यासह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

यानंतरचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७७ मध्यें अ. भि. शहा यांच्या संपादकत्वाखालीं इंग्रजींत प्रसिद्ध केला. सौम्यतेच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास त्याहून मौलिक साधन मराठी जगांत क्वचितच सांपडेल. मठांतील सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांची रमाबाईंवर माया होती यांत शंका नाहीं. परंतु चेल्टनहॅमच्या कॉलेजांत रमाबाईंनीं शिकवावें असा बेत निघाला, व त्यांच्यापुढें पुरुष विद्यार्थी येण्याची गोष्ट निघतांच मुंबई व लाहोर येथील बिशपांनीं त्यास हरकत घेतली. हिंदु समाजास काय रुचेल हें आपणांस रमाबाईंहून अधिक समजतें, असा त्या हरकतींत गर्भितार्थ होता. रमाबाईंनीं हरकत मानली नाहीं. त्रैक्याच्या सिद्धांताविषयींच्या आपल्या शंकाहि त्यांनीं झांकून ठेवल्या नाहींत. यावर जेराल्डिन यांच्या पत्रांतून गर्वाचा व अवज्ञेचा आरोप येऊं लागला. नम्र होऊन वडीलधाऱ्यांचें ऐकावें असा उपदेश येऊं लागला.

रमाबाईंचीं उत्तरें करडीं आहेत, परंतु उर्मट नाहींत. आपणांस सदसद्विवेकबुद्धि आहे; मोठ्या प्रयासानें एका पुरोहितवर्गाच्या जुवाखालून मान काढून घेतल्यावर तसलेंच दुसरें जूं पत्करण्यास आपण तयार नाहीं; ईश्वराची आज्ञा व धर्माधिकाऱ्याची आज्ञा या दोन वस्तु एक नव्हेत, असा त्यांचा आशय. मांसान्न वर्ज्य करण्याचा आपला नेमहि त्यांनीं कायम ठेवला. याच प्रसंगांत चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिआ बील यांचें वर्तन लक्षांत घेण्यासारखें आहे. बीलबाईंच्या हातींहि सत्ता होती. पण शंका विचारणें हा गर्व आहे असें त्यांनीं मानलें नाहीं. त्या रमाबाईंस प्रश्नांचीं उत्तरें देत राहिल्या व इतरांपुढें त्यांचा पक्षहि घेत राहिल्या.

येथें प्रश्न उघड होतो. एकीजवळ मठाची, चर्चची व राज्यकर्त्या जातीची सत्ता. दुसरी परदेशांत, विधवा, लहान मुलीची आई, पोटापाण्यास परावलंबी. अशा जोडींत सौम्यतेचा उपदेश वरून खालीं येऊं लागला, म्हणजे उपदेशकर्त्यानें स्वतःच ज्या गुणाचें आचरण करावयाचें तो दुर्बळाकडून वसूल केला जातो. रमाबाईंनीं नाकारली ती ही वसुली. सौम्यता त्यांनीं नाकारली नाहीं, हें पुढील आयुष्यक्रमावरून दिसतें. भांडण होऊनहि दोघींचा संबंध तुटला नाहीं. मनोरमेस जेराल्डिन यांचा आधार राहिला; ‘आजीबाई’ हें मराठी घरांतलें नातें त्या इंग्रज संन्यासिनीस मिळालें तें कायमचें मिळालें. ज्या पत्रांत आपणांस खडे बोल ऐकावे लागले, तीं पत्रें जेराल्डिन यांनींच जपून ठेवलीं, हेंहि त्यांच्या पदरीं टाकलें पाहिजे.

परंतु इतिहासाचा न्याय दुधारी असतो. पुढें रमाबाईंच्याच हातीं सत्ता आली. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास गेलें. सदनांत धर्माच्या बाबतींत तटस्थता राखली जाईल असा लोकांचा समज होता. कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात असें दिसून येतांच १८९३ मध्यें न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. आपण कोणावर सक्ति करीत नाहीं, मात्र आपल्या खोलीचें दारहि कोणासाठीं लावून घेणार नाहीं, ही रमाबाईंची बाजू. आश्रयदात्रीचें उघडें दार आश्रितेस कितपत मोकळें असतें, ही रानडेपक्षाची शंका. दोन्ही बाजूंस वजन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली त्यांनीं आणल्या व केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांचा सांभाळ केला, तेव्हां तर हा प्रश्न अधिकच नाजूक झाला. भुकेनें मरणारीस जेवूं घालणाऱ्या हातापुढें ती मुलगी ‘नाहीं’ म्हणूं शकते काय? जेराल्डिन यांस जो प्रश्न रमाबाईंनीं विचारला, तोच काळानें फिरून रमाबाईंस विचारला. आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाल्यानंतरहि त्याचें एकमुखी उत्तर निघालेलें नाहीं.

५

आतां पतिपत्नींच्या नात्याकडे वळूं. कारण दररोजच्या सौम्यतेची कसोटी घराइतकी कोठेंच लागत नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा ख्रिस्ती धर्माशीं पहिला निकट परिचय आमच्याच नागपूर प्रांतांत झाला. नागपूरास त्यांनीं ‘ऋषि’ मासिक चालविलें. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांचें बोलणें झालें. सत्ताधारी जातीच्या त्या माणसानें एका अपरिचित देशी प्रवाशाशीं अदबीनें, बरोबरीच्या नात्यानें संभाषण केलें व निरोप घेतांना नव्या कराराची प्रत दिली. पुढील निर्णयाचें बीज टिळकांनीं स्वतः या भेटींत दाखविलें आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

टिळक मोठे कवि, परंतु स्वभावानें तापट. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ या १९३४ ते १९३७ या काळांत प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत त्या तापटपणाचें वर्णन जागोजाग आहे. तें इतक्या विनोदानें केलेलें आहे कीं वाचक हंसतो, आणि मग ह्या बाईनें काय काय सोसलें हें ध्यानीं येऊन थबकतो. ख्रिस्ती होतांना टिळकांनीं पत्नीचा विचार घेतला नव्हता. त्या बातमीनें लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. सुमारें पांच वर्षें दोघें विभक्त राहिलीं. येथवर सौम्यतेचें श्रेय टिळकांस देतां येत नाहीं.

परंतु लक्ष्मीबाई परत आल्यावर जें घडलें तें वेगळें आहे. त्यांनीं आपलें सोंवळेंओंवळें, आपला स्वयंपाक, आपलें पाणी निराळें ठेवलें. त्या काळच्या कायद्यानें व रूढीनें पतीच्या हातीं केवढी सत्ता होती, हें सांगावयास नको. मिशनच्या आवारांत राहणाऱ्या धर्मोपदेशकाची बायको त्याच्याच घरांत विटाळ पाळते, ही गोष्ट त्यास लाजिरवाणी वाटणें स्वाभाविक होतें. तरीहि टिळकांनीं तिच्या आचारांत हात घातला नाहीं. तो पाळण्याची सोय त्यांनीं करून दिली. तापट माणसानें एका ठिकाणीं आपला ताप आवरून धरला. लक्ष्मीबाईंचें मन फिरलें तें त्यांच्या स्वतःच्या विचारानें: माणसांच्या जाति देवानें केल्या कीं माणसांनीं, हा प्रश्न त्यांच्याच मनांत उठला व त्याचें उत्तर त्यांनींच दिलें. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. अॅरिस्टॉटलच्या मोजमापानें पाहिलें तर राग असूनहि तो कोठें नसावा हें ओळखणें हीच येथली सौम्यता. आणि तिचें फळ म्हणजे दुसऱ्यास स्वतःच्या पायांनीं चालत येण्यास मिळालेला अवधि.

याच टिळकांनीं मिशनऱ्यांशीं मात्र पडतें घेतलें नाहीं. देशी ख्रिस्ती समाजाचा कारभार देशी माणसांच्या हातीं यावा, मिशनरी हा पालक नसून बंधु व्हावा, हा त्यांचा आग्रह. १९१७ मध्यें त्यांनीं अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली व बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंस खुला असलेला ‘देवाचा दरबार’ मांडला. ९ मे १९१९ रोजीं ते वारले. घरीं थांबणें आणि दारीं न वांकणें, ह्या दोन्ही गोष्टी एकाच पुरुषाच्या ठिकाणीं दिसतात. आणि आमच्या प्रतिपादनाशीं त्या पूर्णपणें जुळतात.

६

टिळकांचें चरित्र १९२३ मध्यें इंग्रजींत लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनींच त्यापूर्वीं ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली होती. पुण्याच्या या संघांत इंग्लंडाहून व्हेरिअर एल्विन आले, व तेथेंच त्यांस शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती सहकारी मिळाला. १९३२ च्या आरंभीं हे दोघे मंडला जिल्ह्यांतील करंजिया येथें गोंडांमध्यें राहावयास गेले. तो मुलूख तेव्हां नागपूरच्या बिशपांच्या अधिकारांत होता, आणि बिशप होते अॅलेक्झांडर वुड. हे तेच वुड, ज्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं चांद्यास मिशनरी म्हणून काम केलें व १९०६ मध्यें त्या मिशनची हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. चांद्याशीं संबंध असलेलें दुसरें नांव तें हेंच.

एल्विन गांधीजींच्या गोटांतले. सरकारशीं राजनिष्ठेची शपथ घेण्यास त्यांनीं नकार दिला, व वुड यांनीं त्यांस धर्मोपदेशकाचा परवाना दिला नाहीं. १९३५ मध्यें एल्विन यांनीं चर्च सोडलें. अरण्यांतील वस्त्यांशीं ज्यांचा परिचय होता, अशा वुड यांस करंजियाच्या झोंपडीचें मोल कळलें नसेल असें नाहीं. परंतु पदाची सत्ता आड आली. वुड यांच्या जागीं दुसरा कोणीहि असता तरी बहुधा हेंच घडलें असतें, आणि म्हणूनच हें उदाहरण बोधप्रद आहे. व्यक्तीच्या ठिकाणीं असलेली मृदुता पदाच्या ठिकाणीं टिकेलच असें नाहीं.

करंजियास गोंड लोक एल्विन यांस ‘बडा भाई’ व शामरावांस ‘छोटा भाई’ म्हणत. एल्विन यांचें नांव जगभर झालें. परंतु आजाऱ्यांस औषध देणें, तक्रारी ऐकणें, भांडणें मिटविणें हा रोजचा भार शामरावांनीं वाहिला. १९४६ मध्यें त्यांचा परधान जमातीवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. साहेब, पाद्री, मालक या पदव्या सोडून त्यांस धाकट्या भावाचें नातें मिळालें. नात्याचें हें नांव कोणी दिलें, हें येथें महत्त्वाचें आहे. तें वरून घेतलेलें नसून खालून मिळालेलें आहे. सौम्यतेचें प्रमाणपत्र देण्याचा अधिकार सौम्य म्हणविणाऱ्यास नसतो. ज्याच्याशीं तो वागला त्यालाच असतो.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत मांडावयाचा तर असा. सौम्यता हा गुण ज्याच्या हातीं दुखविण्याचें सामर्थ्य आहे त्याचा आहे. स्मिथ यांनीं वादांत, आगगाडींतील त्या अनामिक प्रवाशानें संभाषणांत, टिळकांनीं स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर, बीलबाईंनीं पत्रोत्तरांत तो दाखविला. तेथें समोरच्या माणसास आपलें मन आपणच ठरवितां आलें. उलट दुर्बळाकडून सौम्यतेची मागणी झाली तेथें तिचें आज्ञाधारकपणांत रूपांतर झालें, व रमाबाईंसारख्या तेजस्वी व्यक्तीनें ती परत पाठविली. सत्तेची बाजू बदलली कीं कसोटीहि बदलते, हें शारदासदनाच्या प्रकरणावरून दिसून येतें.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, मग दुर्बळास या गुणाचा अधिकारच नाहीं काय? लक्ष्मीबाईंचें उदाहरण या आक्षेपास उत्तर देण्यास पुरेसें आहे. सोसलेलें सर्व त्यांनीं लिहिलें, कांहीं झांकलें नाहीं, आणि तरीहि पतीविषयीं कडूपणाचा एक शब्द उरूं दिला नाहीं. सोसणारास बोलण्याची मोकळीक असून त्यानें कटुता टाकली, तर ती त्याची स्वतःची संपत्ति होय. त्याच्या वतीनें ती दुसऱ्यास मागतां येत नाहीं. सदतिसाव्या स्तोत्रांत जमिनीस मुकलेल्यांस दिलेलें अभिवचन याच अर्थानें घेतलें पाहिजे. तें त्यांस गप्प बसविण्यासाठीं नव्हतें.

जुना चांदा जिल्हा १९८२ मध्यें विभागून गडचिरोली निराळी झाली आहे. या दोन्ही जिल्ह्यांत जमीन, जंगल व खाणी यांचे मालक कितीदां तरी बदलले. येथील इतिहास लिहितांना किल्ले, तह व महसुली दप्तरें यांकडे अभ्यासकांचें लक्ष प्रथम जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु माणसें एकमेकांशीं कशीं वागलीं याचा पुरावा त्या दप्तरांत उतरत नाहीं; तो उतरतो खासगी पत्रांत, मंडळींच्या नोंदवह्यांत, विवाहाच्या व दफनाच्या नोंदींत, आणि वृद्धांच्या तोंडच्या हकीकतींत. सिस्टर जेराल्डिन यांनीं आपल्या विरुद्ध जाणारीं पत्रेंहि ठेवलीं नसतीं, तर या लेखाचा चौथा भाग लिहितांच आला नसता. चंद्रपूर, बल्लारपूर व वरोरा येथील जुन्या ख्रिस्ती, तसेच हिंदु व गोंड कुटुंबांच्या पेट्यांतून असे कागद असतील, त्यांनीं ते वाळवीच्या स्वाधीन न करितां त्यांच्या नकला करून ठेवाव्या, व ज्यांत पूर्वजांची बाजू लंगडी पडते असे कागद तर सर्वांच्या आधीं जपावे, अशी आमची विनंती आहे.